गोव्यात नवीन आलात? पनीर इथल्या मसाल्यात करून बघा

वेर्ण्याला किंवा कुंडईला कारखान्यात नोकरी लागली, पणजीला बदली झाली, म्हणून घाटावरची, मराठवाड्यातली, खानदेशातली कितीतरी मराठी कुटुंबं गोव्यात येतात. घर मिळतं, गॅसची जोडणी होते, मुलांच्या शाळेचं मार्गी लागतं, आणि मग स्वयंपाकघरात गाडी अडते. घरात कुणी मासे खात नाही, किंवा खाणारे असले तरी सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण पाळतात. अशा घरी हमखास पनीर येतं आणि त्याच्यासोबत बटर मसाल्याचं पाकीटही येतं. इतकी वर्षं इथे राहून माझं ठाम मत झालंय की गोव्यात पाकीट फोडायची काहीच गरज नाही. ताजा नारळ, सोलं म्हणजे आमसुलं, माडाच्या सुरेचं विनेगर, दोन-तीन जातींच्या मिरच्या हे सगळं इथे कोपऱ्यावर मिळतं, आणि पनीर त्यात मनापासून रमतं.

गोव्याच्या जुन्या स्वयंपाकात पनीर नाही. इथल्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणात मिश्र भाज्यांचं खतखतें असतं, नारळाच्या वाटणातलं कडधान्यांचं तोंडाक असतं, मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी असतात, पावसाळ्यात अळमी, म्हणजे रानातली आळंबी, असतात. त्यामुळे पनीरची अमुक एक अस्सल गोमंतकीय पद्धत शोधत बसू नका. मसाले मात्र अस्सल आहेत. ते ज्यांनी पिढ्यानपिढ्या केले त्यांच्याकडून शिकून घ्या आणि नीट करा.

आधी पनीरचं बघू. गोव्याला लागणारं बरंचसं दूध महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून येतं, शिवाय फोंड्याजवळ कुर्टीला गोवा डेअरी आहे. पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं, म्हणजे 6 टक्के फॅटचं दूध घ्या. 1 लिटरमधून साधारण 200 ग्रॅम पनीर निघतं. टोन्ड दुधातून निघतं कमी आणि ते कोरडंही लागतं. म्हशीचं दूध मिळालं तर फारच उत्तम, त्याचं पनीर घट्ट होतं आणि रश्श्यात तुटत नाही. दूध उकळलं की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. पाणी हिरवट आणि नितळ दिसलं की हात थांबवा. त्यापुढे घातलेलं लिंबू पनीरला आंबट आणि चिवट करतं. इथलं विनेगर फाडायला वापरू नका, त्याचा वास आणि रंग पनीरला धरतो. फडक्यात बांधून, वरून थंड पाणी ओतून, अर्धा-पाऊण तास वजनाखाली ठेवा. निवळीचं पाणी टाकू नका. त्यात कणीक मळा, किंवा रात्रभर बाहेर ठेवून आंबवा आणि दुसऱ्या दिवशी लिंबाऐवजी त्यानेच दूध फाडा.

इथल्या दमट हवेत पनीर फार लवकर आंबतं. घाटावर सकाळचं पनीर संध्याकाळपर्यंत ओट्यावर चालून जायचं, इथे ते चालत नाही. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, दोन-तीन दिवसांत संपवा. जून-जुलैत वीज जाते तेव्हा तर लागेल तेवढंच आणा. विकतचं घेताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. वनस्पती तेल घालून केलेल्या पदार्थावर अ‍ॅनालॉग असं छापावं लागतं, आणि तो पदार्थ पनीर म्हणून विकता येत नाही. सुट्टं घेतलंत आणि शंका आली, तर एक तुकडा पाण्यात उकळा, गार करा, त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर त्यात पिठूळ काहीतरी मिसळलंय.

आता बाजार. पहिल्याच आठवड्यात जमलं तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठा. सुक्या मिरच्यांच्या ढिगांपाशी थोडा वेळ उभं राहा, विकणाऱ्या बायका सांगतात कुठली कशाला ते. काणकोणातल्या खोल्याची आणि पेडण्यातल्या हरमलची, या दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे. रंगासाठी ब्याडगी आहेच. पण ब्याडगीने रंग येतो, तिखटपणा फारसा येत नाही, म्हणून दोन-चार इथल्या मिरच्या सोबत हव्यातच. विनेगरची बाटली घेताना सिंथेटिक लिहिलंय का बघा. ते नुसतं पाणी घातलेलं आम्ल असतं. माडाच्या सुरेचं विनेगर किंचित गढूळ दिसतं आणि त्याचा आंबटपणा गोलसर असतो. मे महिन्यात इथली घरं पावसाळ्याची बेगमी करतात, तिला पुरुमेंत म्हणतात. मिरच्या, चिंच, सोलं, विनेगर तेव्हाच भरून ठेवा. नंतर चार महिने हवा अशी असते की उन्हात वाळवायचं म्हटलं तर ऊन नसतं.

सगळ्यात आधी शाकुती, म्हणजे भाजलेल्या नारळाच्या वाटणाचा रस्सा, शिका, असं मी प्रत्येकाला सांगते. आपल्या वाटणाच्या जवळची म्हणून हात पटकन बसतो. कोल्हापूरकडे सुकं खोबरं, तीळ, कांदा भाजतात. शाकुतीत ओला नारळ भाजतात आणि त्यात खसखस, बडीशेप, चक्रीफूल, जायफळ येतं. 250 ग्रॅम पनीरला एक मोठी वाटी खवलेला नारळ, दोन मध्यम कांदे, दोन चमचे धणे, एक चमचा खसखस, अर्धा चमचा बडीशेप, सहा-सात मिरी, चार लवंगा, बोटभर दालचिनी, एक चक्रीफूल, दगडफुलाची चिमूट आणि पाच-सहा सुक्या मिरच्या. मसाले वेगवेगळे भाजा. खसखस सगळ्यात शेवटी आणि अगदी मंद आचेवर, कारण ती क्षणात जळते आणि सगळं वाटण कडू करते. जायफळ भाजायचं नाही, वाटताना वरून किसायचं.

नारळ भाजणं हीच खरी मेहनत. आधी ओलसर वाफ येते, मग गोडसर वास येतो, मग कडेचे कण बदामी होतात आणि तेल सुटायला लागतं. इथे बऱ्याच जणी घाईने थांबतात. अजून हलवत राहा, कॉफीच्या पुडीइतका गडद रंग येईपर्यंत, पण एकही कण काळा होऊ देऊ नका. दहा-बारा मिनिटं त्याच कढईपाशी जातात. माझ्या शेजारच्या माईने मला एवढंच सांगितलं होतं, ‘सोय बरी भाज गो,’ म्हणजे खवलेला नारळ नीट भाज, आणि ती तो भाजत असताना फोन आला तरी उचलत नाही.

कांदा तेलात तांबूस परतून त्याच वाटणात घाला, चिंचेचं छोटं बोट घाला आणि गंधासारखं बारीक वाटा. तेलात थोडा चिरलेला कांदा परता, हळद घाला, वाटण तेल सुटेपर्यंत परता, गरम पाणी घालून उकळू द्या. रस्सा पळीला धरेल इतका दाट हवा. पनीर शेवटी घाला, तळून नाही, तसंच कच्चं. मंद आचेवर पाच-सात मिनिटं पुरे. त्याहून जास्त शिजवलं की आतलं पाणी बाहेर येतं आणि रबर चावल्यासारखं होतं. पनीर वितळत नाही म्हणून काही जण तासभर उकळत ठेवतात, तसं करू नका. झाकून अर्धा तास ठेवलं तर रस्सा थोडा आत मुरतो. सोबत पोय किंवा उंडे हे इथले पाव घ्या, दोन्ही पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, सकाळ-संध्याकाळ मिळतात. इथे रॉस ऑम्लेटच्या गाड्यावर शाकुतीचाच रस्सा ऑम्लेटवर ओततात. घरी अंडं नको असेल तेव्हा तव्यावर भाजलेल्या पनीरच्या तुकड्यांवर तो रस्सा, वर चिरलेला कांदा आणि लिंबू, असं करून बघा. मुलं पाव मागून मागून घेतात.

काफ्रेआल हा हिरवा मसाला. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून तो इकडे आला असं मानतात आणि मूळचा कोंबडीचा. भरपूर कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, मिरी, जिरं, दालचिनी, लवंग, लिंबू किंवा विनेगर, मीठ, सगळं पाणी न घालता वाटा. कोंबडी रात्रभर मुरवतात, पनीरला त्याचा काही उपयोग नाही, मसाला आत फारसा शिरत नाही. त्यापेक्षा अर्धा इंच जाडीच्या मोठ्या चकत्या करा, दोन्ही बाजूंनी सुरीने उभे-आडवे कापे द्या आणि मसाला त्या कापांत बोटाने दाबून भरा. मीठ मसाल्यातच जरा पुढचं ठेवा, कारण घरच्या पनीरला स्वतःचं मीठ नसतं. अर्ध्या तासाने तव्यावर तेल जरा सढळ हाताने घेऊन भाजा. बारीक चौकोनी तुकडे केलेत तर नुसता मसाला लागतो, पनीर लागत नाही.

रेशाद मसाला मात्र फ्रीजमध्ये कायम असावा असं मला वाटतं. ब्याडगी मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, चिंच, चमचाभर साखर, हे विनेगरमध्ये वाटायचं. पाण्याचा थेंब लागू दिला नाही तर तो काही महिने टिकतो. इथे तो बांगड्यात भरतात. पनीरच्या चकत्या फडक्याने टिपून कोरड्या करा, रेशाद चोपडा, बारीक रव्यात घोळवा आणि तव्यावर कुरकुरीत भाजा. संध्याकाळी दमून आलात, वरण-भात तयार आहे आणि जोडीला काहीतरी चटकदार हवं आहे, तर दहा मिनिटांत होतं.

ज्या घरात लहान मुलं आहेत किंवा आजी-आजोबा सोबत आलेत, त्यांनी काल्दीन करावं. धणे, जिरं, हळद, आलं-लसूण यांचं वाटण, मधोमध चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि नारळाचा रस. फ्लॉवरचं काल्दीन पुष्कळ घरांत होतं, त्यात थोडं पनीर जाऊ द्या. आधी पातळ रसात फ्लॉवर शिजवा, मग पनीर, मग दाट रस, आणि तो घातल्यावर उकळी येऊ देऊ नका. विनेगर अगदी शेवटी चमचाभर. आधी घातलं तर रस फुटतो.

विंदालूत पनीर घालू नये असं माझं मत आहे. तो डुकराच्या मांसाचा पदार्थ. विनेगर आणि लसणाचा तो तिखट मारा मांसातली चरबी सामावून घेते, पनीर तसं करू शकत नाही, नुसतं आंबट होऊन बसतं. आंबटतीक, म्हणजे माशाची आंबट-तिखट आमटी, तिचंही तेच. आणि मासळीच्या आमटीत घालतात ते तिरफळ मला पनीरबरोबर अजिबात आवडत नाही.

गावाकडची चव सुटत नाही आणि सुटूही नये. घरून कांदा-लसूण मसाला, खानदेशी काळा मसाला जरूर आणा. फक्त इथे तो हवाबंद बरणीत, फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. कोल्हापुरी पनीर इथे केलंत तर सुकं खोबरं शोधत फिरू नका, ओला नारळ जास्त वेळ भाजून घ्या. तेरेखोलच्या पलीकडे सिंधुदुर्ग लागतो, त्यामुळे मालवणी मसाला इथे परका नाही. मालवणी रश्श्यात पनीर करताना चिंचेऐवजी तीन-चार सोलं टाका. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर बाजारात आले की त्यांच्या उसळीत पनीरचे तुकडे घाला. काजूचा गोडवा आणि पनीरचा मऊपणा यांचं छान जमतं. काजूगर महाग असतात, म्हणून मी अर्धे काजूगर आणि अर्धं पनीर घेते, पाहुण्यांची उसळ व्यवस्थित पुरते.

पनीरची खरी गरज पावसात पडते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, मासळी महाग होते, लगेच मागोमाग श्रावण येतो, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. या दिवसांत शेजारीपाजारी एकमेकांकडे काहीबाही पाठवतात. चवथीच्या जेवणात त्यांचं खतखतें, त्यांच्या भाज्या ठरलेल्या असतात, तेव्हा पनीरची वाटी पाठवू नका. श्रावणातल्या एखाद्या साध्या सोमवारी शाकुती पाठवा, आणि त्या घरी कांदा-लसूण खातात का हे आधी विचारून घ्या, कारण बऱ्याच घरांत त्या दिवसांत तो वर्ज्य असतो. चालत नसेल तर तोंडाकाच्या धर्तीवर करा. भाजलेला नारळ, धणे, मिरी, लवंग वाटून त्यात मटार आणि पनीर घाला आणि वर खोबरेल तेलात मोहरी-हिंगाची फोडणी द्या. सोबत उकड्या तांदळाचा भात असला की दुसरं काही लागत नाही. वाटी परत येईल तेव्हा ती रिकामी नसते, इथेही रीत आपल्यासारखीच आहे, आणि तेव्हा त्या बाईंना त्यांच्या घरच्या शाकुतीत काय काय पडतं ते विचारा. फोंड्याची वेगळी, सासष्टीची वेगळी, बार्देशातली आणखी वेगळी. वही पेन जवळ ठेवा.