सोसायटीत चोरी होण्याआधी आणि झाल्यावर : या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एक बंद फ्लॅट फुटला. कडी-कोयंडा उचकटून कपाटातले दागिने नेले. दुसऱ्या दिवशी सगळे पार्किंगमध्ये जमलो आणि एकेक जण बोलू लागला. बी विंगमधली सायकल पावसाळ्यातच गेली होती. एकाच्या गाडीची बॅटरी काढून नेली होती. तळमजल्यावरच्या काकूंचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी ओढलं होतं. ते वाचलं, म्हणून त्या कुणाला बोलल्याच नव्हत्या. पोलिसांकडे एकही जण गेलेला नव्हता. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी सांगितलं, की त्यांच्या नोंदीप्रमाणे आमच्या गल्लीत वर्षभरात काहीच घडलेलं नाही.

मी तेव्हा सेक्रेटरी होते. सायकलीचं मला माहीत होतं, आणि "एवढ्यासाठी कुठे चौकीत जाता" असं मीच त्यांना म्हणाले होते. ते अजून बोचतं, म्हणून हे लिहिते आहे.

तक्रार न नोंदवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. गस्त कुठे वाढवायची, बीट मार्शल किती वाजता कुठून फिरवायचे, हे ठरवताना पोलिसांपुढे नोंदी असतात. आपल्या मनातली भीती त्यांना दिसत नाही. हे छोटे प्रकार लिहिले गेले असते, तर या मोठ्या चोरीआधी निदान कुणीतरी आमच्या गल्लीकडे पाहिलं असतं.

लोक गेले तरी पुढची चूक करतात : तक्रार अर्जावर शिक्का घेऊन घरी येतात. अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. खिशातून मोबाईल मारलेला असतानाही नवं सिम लवकर मिळावं म्हणून 'गहाळ' असा दाखला घेतला जातो. गहाळ झालेली वस्तू गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. चोरी झाली असेल तर चोरीच लिहायला लावा.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रार ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नकार मिळालाच, तर सगळी हकिगत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांना पाठवा. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र ठरू शकते, पण तिचीही एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घ्या. काकूंच्या बाबतीत आम्हाला वाटलं, काही गेलंच नाही तर तक्रार कशाची? पण दागिना हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि फसलेल्या प्रयत्नाचीही तक्रार होते.

आकडे भलत्याच रीतीने वाचणं

घर घेताना लोक विचारतात, "एरिया सेफ आहे ना?" मग कुठल्या तरी बातमीतला आकडा पुढे येतो. गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे मोजतात, आणि ही लोकसंख्या तिथे राहणाऱ्यांची असते. स्वारगेटला एसटीत चढताना पाकीट मारलं गेलेला प्रवासी साताऱ्याचा असतो, पण गुन्हा इथे मोजला जातो. उलट, लोकलमध्ये झालेली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे जाते. शेजारच्या पोलीस ठाण्याच्या आकड्यात ती दिसत नाही. हद्दीही बदलतात. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्यामुळे २०१७ चं पुणे आणि २०१९ चं पुणे शेजारी मांडून 'गुन्हे घटले' म्हणणं चूक आहे. आणि जिथे तक्रार लगेच लिहून घेतात, ते ठाणं कागदावर जास्त वाईट दिसतं.

त्यापेक्षा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जा. तिथे जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडून प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहता येतात (लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यात नसतात). दोन-तीन महिन्यांचे वाचले, तरी घरफोड्या दुपारच्या की रात्रीच्या, दुचाक्या कुठून जातात, हे कळू लागतं.

घर आवरायला घेणं

दार फुटलेलं दिसलं की हात आपोआप उचकटलेल्या कपाटाकडे जातो. आमच्याकडे शेजाऱ्यांनी मदत म्हणून सगळं उचलून ठेवलं, आणि ठसेतज्ज्ञ आले तेव्हा कपाटावर पाच जणांचे हात फिरलेले होते. आधी ११२ ला फोन करा, आणि पोलीस येईपर्यंत बाहेरच थांबा.

कॅमेरे लावून विसरणं

आमचे आठ कॅमेरे होते. गेटवरचा उजेडाकडे तोंड करून, त्यामुळे येणारा प्रत्येक चेहरा काळा. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, हे समितीत एकालाही ठाऊक नव्हतं. सुट्टीवरून परतलेल्यांना चोरी उशिरा कळली, तर तोवर काही उरतही नाही. आता दर महिन्याला एक जण मागच्या आठवड्यातला रात्रीचा तुकडा काढून पाहतो. पोलिसांना फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ते नसेल तर न्यायालयात फुटेज टिकणं कठीण होतं.

'संशयित' म्हणून फोटो फिरवणं

आमच्या फ्लॅटफोडीनंतर तासाभरात ग्रुपवर एका भंगारवाल्याचा फोटो आला. त्याचा चोरीशी काही संबंध नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. पारध्यांसारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ मध्ये सुरू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गेटवर कुणाला अडवायचं हे ठरवताना तोच शिक्का अजून आपल्या डोळ्यांत असतो.

अनोळखी माणूस दिसला तर वॉचमनने नाव, काम आणि कुणाकडे जायचं ते विचारावं, वहीत लिहावं, त्या घरी इंटरकॉम करावा. शंका फिटली नाही तर ११२ आहेच. पोलीस येईपर्यंत त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्या, आणि त्याचा फोटो काढू नका.