सपाट मॅरेथॉनमध्ये पात्रता वेळ कुठे हुकते? या चुका टाळा

बर्लिन, शिकागो, व्हॅलेन्सिया या मार्गांवर लोक मुद्दाम जातात ते वेळ काढायला. केनियाच्या एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला २:०१:०९, तर त्याच देशाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ वेळ दिली, दोन्ही त्या-त्या वेळचे विश्वविक्रम, तेव्हा या मार्गांची ख्याती खरीच आहे. तरीही उत्तम तयारी केलेले कितीतरी धावपटू इथे एक-दोन मिनिटांनी हुकतात. बहुतेकदा दम कमी पडलेला नसतो, हिशेब चुकलेला असतो.

निकष हेच लक्ष्य धरणं

बॉस्टन मॅरेथॉनला प्रवेशासाठी वयोगटानुसार ठरलेली पात्रता वेळ, म्हणजे निकष, आधी दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये गाठावी लागते. हा निकष गाठला की प्रवेश पक्का, हा गैरसमज फार महागात पडतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की आपापल्या निकषापेक्षा जास्त फरकाने लवकर आलेल्यांना आधी घेतात. २०२५ च्या शर्यतीत निकषापेक्षा किमान ६ मिनिटं ५१ सेकंद लवकर आलेल्यांनाच जागा मिळाली. २०२६ साठी ६० वर्षांखालच्या गटांचे निकष ५ मिनिटांनी कडक केले, तरीही कट-ऑफ, म्हणजे निकषापेक्षा लागणारा हा फरक, ४ मिनिटं ३४ सेकंदांवर गेला. ३५ ते ३९ वयोगटातल्या स्त्रियांचा निकष आता ३:३० आहे. त्या कट-ऑफने बघितलं तर लागणारी वेळ होते ३:२५:२६. अशा धावपटूने सराव ३:२४ चाच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढी तयारी नसेल तर शर्यत पुढच्या हंगामावर ढकललेली बरी.

वयोगट ठरतो तो बॉस्टनच्या दिवशीच्या वयावरून. उताराच्या शर्यतीचा आडमार्गही आता अवघड झाला आहे: २०२७ च्या प्रवेशापासून १,५०० फूट किंवा त्याहून जास्त निव्वळ उतार असलेल्या मार्गावरच्या वेळेत दंडाची मिनिटं मिळवतात.

घड्याळाच्या पेसवर विसंबणं

पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ (४:५० म्हणजे ४ मिनिटं ५० सेकंद). सगळ्यात जास्त वेळा हुकतं ते इथे. मार्ग मोजताना वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे साधारण ४२ मीटर, जास्तीचे धरतात. गर्दीत ती रेषा तुम्हाला मिळत नाही. कुणाला ओलांडायला बाजूला जाता, पाणी घ्यायला कडेला जाता, वळणं बाहेरून घेता. शेवटी घड्याळात ४२.६ किलोमीटर दिसतात.

३:२४ साठी ४२.१९५ किलोमीटरला ४:५० चा पेस पुरतो. ४२.६ धावायचे असतील तर तोच ४:४७ होतो. घड्याळ शेवटपर्यंत ४:५० दाखवत राहिलं तर तुम्ही ३:२६ च्या जवळ पोहोचता. पेस अचूक आणि वेळ हुकलेली!

त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. शिकागोत सुरुवातीच्या किलोमीटरांमध्ये घड्याळ वाट्टेल तो आकडा दाखवतं आणि घाबरलेले लोक उगाच पळत सुटतात. म्हणून ऑटो-लॅप (घड्याळाने प्रत्येक किलोमीटर आपोआप नोंदवणं) बंद करा, अंतराच्या पाटीजवळ हाताने लॅप दाबा आणि मनगटावर हे स्प्लिट, म्हणजे टप्प्यांच्या वेळा, लिहून ठेवा: ५ किमी २४:१०, १० किमी ४८:२०, अर्धं अंतर १:४२:००, ३० किमी २:२५:००, ४० किमी ३:१३:२०. रस्त्यावर मोजलेल्या मार्गाची निळी रेघ रंगवलेली असेल तर जमेल तेव्हा तिच्यावर राहा. पेसरसोबत (ठरलेल्या वेळेत गटाला नेणाऱ्या धावपटूसोबत) धावणार असाल तर तो गन टाइमने (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) धावतोय की चिप टाइमने (स्वतः सुरुवातीची रेष ओलांडल्यापासूनची वेळ), हे सुरुवातीलाच विचारा. तुमच्यासाठी मोजली जाते ती चिपची वेळ.

पहिल्या पाचात वेळ साठवणं

टेपरनंतर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी केल्यावर, पाय ताजे असतात, गर्दीचा जोश असतो, ४:४० सुद्धा सहज वाटतो. पाच किलोमीटरमध्ये असे ५० सेकंद वाचतात आणि ३२ नंतर प्रत्येक किलोमीटरला वीस-तीस सेकंद परत जातात. जास्त वेगात शरीर साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंमधला कर्बोदकांचा साठा) लवकर संपवतं आणि ते धावताना पूर्ण भरून काढता येत नाही. पहिले दोन किलोमीटर चार-पाच सेकंद संथ गेले तरी चालतील. गर्दीतून नागमोडी वाट काढू नका. फट आपोआप पडते.

सपाट म्हणजे सोपं असं समजणं

चढ-उतारावर स्नायूंवरचा भार बदलत राहतो. सपाट रस्त्यावर तेच पाऊल, तोच ताण, पोटऱ्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर साडेतीन तास. टेकड्यांवर कसून सराव केलेले लोकही इथे तिसाव्या किलोमीटरला आखडतात. त्यासाठी २८ ते ३२ किलोमीटरच्या काही लाँग रनमध्ये शेवटचे १२ ते १६ किलोमीटर सपाट रस्त्यावर लक्ष्याच्या पेसने धावा, शर्यतीचेच बूट घालून.

जेलचा, म्हणजे धावताना घ्यायच्या कर्बोदकांच्या पाकिटांचा, सरावही तेव्हाच करा. ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची आणि एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतील, तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक लागतो. भूक लागायची वाट बघू नका.

उन्हाळी दिवस निघाला तर लक्ष्य सुरुवातीच्या रेषेवरच सोडा. २००७ मध्ये शिकागोची शर्यत उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती.

धावताना बिघडलं तर

दहा किलोमीटरला ४० सेकंद मागे आहात? उरलेल्या बत्तीसमध्ये वाटले तर किलोमीटरला सव्वा सेकंद होतो. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये भरपाई करायला जाऊ नका. समोरून वारा असेल तर एखाद्या गटाच्या मागे राहा, भले तो गट दोन-तीन सेकंदांनी संथ असो. जेलने मळमळलं तर पुढचा जेल अर्धा-अर्धा करून पाण्याबरोबर घ्या. पोटरीत गोळा येईलसं वाटलं तर थांबून जोरात ताणण्याआधी पावलं लहान करून बघा. पुष्कळदा एवढ्याने निभावतं.

शिकागोत शेवटी रूझवेल्ट रोडचा छोटा चढ लागतो. तिथे पेसकडे बघू नका, पावलं आखूड ठेवा, हात जोरात चालवा. आणि शेवटची मॅट (चिपची वेळ नोंदवणारी पट्टी) पूर्ण ओलांडल्यावरच घड्याळाकडे हात न्या.