बेसबॉलच्या मैदानात बिअर घ्यायची तर लोकल कुठली, हे कसं ओळखायचं (खास सांगलीकरांसाठी)

आमच्या विश्रामबागच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधले तिघं जण यंदा उन्हाळ्यात पोरांकडे अमेरिकेला चाललेत, आणि मी मागच्या वर्षी भाच्याकडे दोन महिने राहून आलोय म्हणून सगळे मलाच विचारतात, थंडी किती, गोळ्या किती न्यायच्या, पीठ मिळतं का. ते सगळं सांगून झालं. मग अण्णांनी मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणले, पोरगा बेसबॉलच्या मॅचला नेणार म्हणतोय, तिथं बिअर मिळती म्हणे, कुठली घ्यायची रे? त्यांना उभ्या उभ्या सांगायला गेलो तर अर्धा तास गेला, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

आधी किरकोळ गोष्टी. वय २१ पूर्ण लागतं, आणि केस पांढरे झालेत म्हणून कोण विचारणार नाही असं समजू नका, मला एका पोरीने अगदी गोड हसून आयडी मागितलं, मी ६१ चा. आधार दाखवून उपयोग नाही, आपलं लायसन्स चालेलच असं नाही, पासपोर्ट जवळ ठेवा. बऱ्याच स्टेडियममध्ये रोख घेतच नाहीत, कार्ड लागतं. कार्ड लावलं की स्क्रीनवर टिप विचारतात, १८ टक्के, २० टक्के असे आकडे आधीच मांडलेले असतात, नको असेल तर नको दाबायचं, लाजायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉलरचे रुपये करायचे नाहीत. केले की घोट गिळत नाही.

खेळ कळला नाही तरी चालतो. नऊ इनिंग असतात, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीमची बॅटिंग, एवढं पुरतं. पण इनिंग मोजत राहा, कारण बिअरची विक्री मॅच संपेपर्यंत चालत नाही. बहुतेक ठिकाणी सातव्या इनिंगला बंद व्हायची. २०२३ ला त्यांनी बॉल टाकायला घड्याळ लावलं, त्यामुळे आधी तीन तासांच्या वर जाणारी मॅच साधारण दोन तास चाळीस मिनिटांवर आली, मग विकायला वेळच कमी पडायला लागला म्हणून काही टीमनी विक्री आठव्यापर्यंत नेली. प्रत्येक मैदानाचा नियम वेगळा, आत गेल्यावर विचारून घ्या. हे एवढे कडक का, तर त्यांनी अद्दल घडवून घेतलीय. ४ जून १९७४ ला क्लीव्हलँडमध्ये दहा सेंटला एक ग्लास अशी स्कीम काढली होती, शेवटी पब्लिक मैदानात घुसलं, मारामारी झाली आणि ५-५ वर बरोबरीत असलेली मॅच पाहुण्या टेक्सासच्या टीमला बहाल करावी लागली. आपल्याकडे यात्रेत कुस्तीच्या फडावर असलं काही झालं असतं तर गावाने पुढची दहा वर्षं ऐकवलं असतं, तिथं तर पन्नास वर्षं झाली तरी ऐकवतातच.

आता मुद्द्याचं. पहिल्या मॅचला मी काय केलं, शिटा सापडल्या सापडल्या समोरच्या गाडीवर गेलो, वर मोठा बोर्ड, लोकल क्राफ्ट बिअर, कॅनवर त्या गावाच्या पुलाचं चित्र. म्हणलं वा, आपल्या आयर्विन पुलासारखं. ऐटीत घेऊन आलो. भाच्याने कॅन फिरवून मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि म्हणला, मामा, ही बनली दुसऱ्या राज्यात आणि कंपनी आहे तिसऱ्याच देशाच्या मालकीची, लोकल काय तर पुलाचं चित्र. गावाचं आणि बिअरचं नाव सांगत नाही, पण मला ते फार लागलं, आणि पुढच्या सगळ्या मॅचला मी खेळ कमी आणि कॅन जास्त वाचले.

हे समजायला सांगलीकरांना खरं तर जड जायला नको. सांगलीची हळद म्हणजे काय हो? २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, नाव जगभर. पण मार्केट यार्डात सौद्याला उभे राहा, माल मराठवाड्यातून येतो, कर्नाटकातून येतो, तेलंगणातून येतो. सांगलीचं काय, तर बाजार सांगलीचा, पारख सांगलीची, आणि ती हरिपूरची पेवं, जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकवायची, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. मग ती हळद सांगलीची आहे की नाही? आहे पण, आणि नाही पण. बिअरचं अगदी असंच आहे, म्हणून कॅन हातात घेतला की मी तीन गोष्टी बघतो, बनली कुठं, पैसा जातो कुणाच्या घरात, आणि त्या गावातली माणसं तिला आपली म्हणतात का. तिन्हीला हो आलं तर डोळे झाकून घ्या. बहुतेक वेळा येत नाही.

सेंट लुईसचं बघा. बडवायझर तिथं १८७६ पासून बनते, आजपण बनते. कंपनीने १९५३ ला तिथली कार्डिनल्स टीमच विकत घेतली आणि स्टेडियमला बडवायझर नाव द्यायचं ठरवलं, बेसबॉलवाल्यांनी बिअरचं नाव नको म्हणून अडवलं, तर मालकाने स्वतःचं आडनाव दिलं, बुश स्टेडियम, आणि दोन वर्षांनी बुश नावाची बिअरपण बाजारात आणली. याला म्हणतात डोकं. पण २००८ ला ती अख्खी कंपनी इनबेवने घेतली, मुख्य ऑफिस बेल्जियमला. म्हणजे बनते तिथंच, गावकरी आपलीच म्हणतात, फक्त मालक बाहेरचा. हसू नका, आपण जिला आपली किंगफिशर म्हणतो तिचेपण निम्म्याहून जास्त शेअर २०२१ पासून डच हायनकेनकडे आहेत.

शिकागोची गोष्ट उलटी. तिथं रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर १९५० पासून ओल्ड स्टाइल नावाची बिअर मिळते, म्हाताऱ्या लोकांना विचाराल तर शिकागोची बिअर म्हणजे हीच, पण ती मूळची ला क्रॉस गावची, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातली, चारशे किलोमीटरच्या वर लांब. बापाने पाजली, आज्जा पीत होता, झाली लोकल. आणि त्याच शिकागोत गूज आयलंड १९८८ ला अस्सल तिथंच सुरू झाली, त्यांनी एक गव्हाची बिअर काढली, नाव ३१२, म्हणजे शिकागोचा फोनचा कोड. २०११ ला त्या बडवायझरवाल्यांनीच गूज आयलंड घेतली आणि ३१२ न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यात बनायला लागली. समजा कुणी ०२३३ नावाची बिअर काढली आणि बनवली लुधियानात, तसंच.

डेन्व्हरला तर डोकंच चालत नाही. तिथलं कूर्स फील्ड १९९५ ला उघडलं आणि स्टेडियमच्या आतच छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, होती, ब्लू मून ही संत्र्याची फोड लावून देतात ती बिअर तिथंच जन्मली. मैदानातच जन्मलेली, याच्याहून लोकल काय असणार? पण ती कूर्सची, म्हणजे आजच्या मोल्सन कूर्स या अवाढव्य कंपनीची, आणि अमेरिकेत कुठल्याही गावात मिळते. मी तिला जन्माने लोकल म्हणतो, वागण्याने नाही.

छोटी कंपनी, क्राफ्ट, हे शब्द पण जपून घ्या. तिथल्या छोट्या ब्रुअरींची संघटना आहे, तिच्या हिशोबाने वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत बनवणारा छोटाच. एक बॅरल साधारण ११७ लिटर, म्हणजे ७० कोटी लिटरपर्यंत छोटा! पण त्यांची दुसरी अट कामाची आहे, दारूच्या धंद्यातल्या मोठ्या कंपनीकडे २५ टक्के किंवा जास्त मालकी नको. अशा लोकांना २०१७ पासून एक शिक्का मिळतो, उलटी बाटली काढलेली असते. कॅनवर उलटी बाटली दिसली तर मालक स्वतंत्र आहे एवढं नक्की समजा. नसली तरी काही ठरत नाही, कारण सगळेच शिक्का लावत नाहीत. मग मागे बारीक अक्षरात ब्रूड बाय किंवा ब्रूड अँड कॅन्ड बाय लिहिलेलं असतं, त्याच्यापुढचं गाव बघा. चष्मा विसरू नका. नळाची बिअर असेल तर वाचायला काहीच नसतं, सरळ विचारायचं, व्हेअर इज इट ब्रूड? लोकल आहे का असं नाही विचारायचं, लोकल आहे का विचारलं की सगळेच हो म्हणतात, आपल्याकडे आंबा देवगडचा का विचारल्यावर म्हणतात तसंच.

आणि कच्च्या मालात लोकल शोधायला जाऊ नका. हॉप्स म्हणून जी कडू फुलं टाकतात ती अमेरिकेत बहुतांश वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून येतात, गावोगावच्या ब्रुअरीत तीच. बार्ली आयडाहो, मोंटाना, नॉर्थ डकोटा वगैरेकडची. नक्की गावचं काय असतं तर पाणी, आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर ते पाणीच. कृष्णेच्या पाण्याची जशी आपल्याला चव कळते असा दावा करतो तसा ते लोकपण करतात.

आता हे सापडायचं कुठं. शिटांजवळच्या मोठ्या काउंटरवर मोठे ब्रँडच असतात, कारण त्यांनी बोर्डांना, जाहिरातींना पैसे मोजलेले असतात. शिवाय १९३३ ला तिथली दारूबंदी उठल्यापासून बनवणारा, मधला वितरक आणि विकणारा वेगवेगळे ठेवायची पद्धत आहे, आणि स्टेडियममधलं खाणंपिणं बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी मोठ्या केटरिंग कंपनीकडे, म्हणजे गावातल्या छोट्या माणसाला आत यायला दोन-तीन दारं ठोकावी लागतात. म्हणून त्याचा माल कोपऱ्यात. पाऊण तास आधी आत जा आणि काही न घेता आतल्या गोल पॅसेजमधून एक पूर्ण चक्कर मारा, लक्ष्मीपुरीत भाजी घेताना आधी शेवटपर्यंत जाऊन येतो तशी (ज्यांची सासुरवाडी कोल्हापूर त्यांना कळेल). छोटे नळ, वेगळे फ्रीज बहुतेक लांबच्या टोकाला सापडतात. सिअ‍ॅटल आणि सॅन दिएगोची मैदानं या बाबतीत नावाजलेली आहेत, तिथं जाणार असाल तर शोधायचा त्रास कमी.

माप बघून घ्या. १२ औंस म्हणजे ३५५ मिली, १६ औंस म्हणजे ४७३, आणि २४-२५ औंसाचे मोठे डबे असतात, म्हणजे आपल्या ६५० च्या बाटलीपेक्षा जरा जास्तच. समजा १२ औंस ९ डॉलरला आणि २५ औंस १५ ला, तर मोठा डबा औंसाला स्वस्त पडतो, पण दुपारच्या उन्हात तो अर्धा होईपर्यंत चहा झालेला असतो. मी १६ वर राहिलो. बहुतेक ठिकाणी एका वेळी एका माणसाला दोनच देतात, त्यामुळे सगळ्यांचं मी आणतो असा मोठेपणा करायला जाऊ नका.

चवीचं म्हणाल तर आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हिच्यापासून सावध. पुढं इंडिया लिहिलंय म्हणून अण्णा पहिल्यांदा तीच घेणार, मला माहितेय. ती इंग्लंडात बनून जहाजाने इंडियाला यायची म्हणून ते नाव, बाकी आपला संबंध नाही, आणि कडू अशी की काढा परवडला. सहा-सात टक्के अल्कोहोल असतं, उन्हात चढते. आपल्या लोकांना लागर, म्हणजे आपली नेहमीची साधी बिअर, नाहीतर गव्हाची बरी लागते. लाइट बिअर चार टक्क्यांच्या आसपास, स्ट्राँगवाल्यांना ती सोड्यासारखी वाटेल, पण तीन तास बसायचंय, तीच शहाणी. घरातल्यांसाठी रूट बिअर घेतली तर घाबरू नका, नावात बिअर आहे पण आत दारू नाही, फक्त वास गुडघ्याला लावायच्या मलमाचा येतो. आमच्या हिने एक घोट घेतला आणि उरलेली भाच्याला दिली.

सोबत खायला तिथं टरफलासकट भाजलेल्या शेंगा मिळतात, टरफलं पायाशी टाकायची, सगळे टाकतात, त्यावेळी मात्र अगदी घरच्यासारखं वाटतं. बऱ्याच मैदानात बाहेरचं खाणं पारदर्शक पिशवीतून नेता येतं, टीमच्या साइटवर आधी बघून घ्या, बाहेरची दारू मात्र अजिबात नाही. हिने भडंग करून नेलं होतं. शेजारी एक म्हातारेबुवा पेन्सिलने स्कोअर लिहीत बसलेले, त्यांना दिलं, त्यांना आवडलं, आणि विचारतात काय तर, इज इट लोकल? आता चुरमुरे तिथल्याच इंडियन दुकानातले, शेंगदाणे कुठल्यातरी सुपरमार्केटचे, चटणी आणि लसूण-मेतकूट इथून नेलेलं, परतलं भाच्याच्या गॅसवर. मी एवढे कॅन वाचलेला माणूस, मलाच सांगता येईना. ही म्हणली, यस यस, सांगली. झालं.

शेवटचं, गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही, पोराच्या लायसन्सचा आणि व्हिसाचा प्रश्न असतो, ट्रेन असेल तर ट्रेनने जा. आणि टीमचं नाव छापलेला प्लास्टिकचा ग्लास मिळाला तर टाकू नका, विसळून बॅगेत भरा. माझा आता वॉशिंग मशीनच्या पावडरीच्या डब्यात मापाला आहे, बरोबर दोन वेळची पावडर बसते.