फाइल डिलीट होईना? आधी तिला कोण धरून बसलंय ते बघा

फाइल डिलीट होईना झाली की आपल्याकडं ठरलेलं असतं, चिडून दहादा डिलीट दाबायचं, मग यूट्यूब बघून कुठलंतरी फुकटचं 'अनलॉकर' उतरवायचं, त्याच्यासोबत दोन-चार नको ती सॉफ्टवेअरं आत शिरतात आणि फाइल मात्र जागची हलत नाही. असं करू नका राव. डिलीट का होत नाही हे विंडोज त्या मेसेजमधेच सांगतंय, आपण तो न वाचता कॅन्सल करतो. प्रत्येक मेसेजचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी तो वाचा.

सगळ्यात जास्त येतो तो 'फाइल इन यूज'. आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत फ्लेक्सवाल्यांकडं हमखास, बॅनरची जुनी कोरलड्रॉ फाइल काढायला गेलं की हा मेसेज आणि बऱ्याचदा खाली प्रोग्रामचं नावपण. दुकानदार म्हणणार, कोरल तर मी कधीच बंद केलंय. खिडकी बंद झाली असेल हो, पण प्रोग्राम हँग होऊन मागं चालूच असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, यादीत त्या प्रोग्रामवर क्लिक करून एंड टास्क. त्याच प्रोग्राममधे दुसरं काम उघडं असेल तर ते आधी सेव्ह करा, नाहीतर तेही जाईल.

कुठलाच प्रोग्राम उघडा नाही तरी फाइल अडलीय, आणि ती व्हिडिओ किंवा पीडीएफ आहे, तर संशय एक्सप्लोररवरच घ्या, म्हणजे विंडोजचा जो प्रोग्राम आपल्याला फोल्डर दाखवतो त्याच्यावर. उजवीकडं जो प्रिव्ह्यू दिसतो ना, तो दाखवायला एक्सप्लोररनंच फाइल उघडून ठेवलेली असते. ऑल्ट आणि पी दाबून प्रिव्ह्यू बंद करा, दुसऱ्या फोल्डरमधे जाऊन परत या, मग डिलीट. तरी नाही गेली तर टास्क मॅनेजरमधे विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रिस्टार्ट. खालची पट्टी क्षणभर गायब होते, घाबरू नका, येते परत.

आता धरणाऱ्याचं नावच कळत नसेल तर स्टार्टमधे रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा. त्यात सीपीयूचा टॅब, तिथं 'असोसिएटेड हँडल्स'च्या पट्टीत शोधायची जागा आहे, फाइलच्या नावाचा एखादा तुकडा टाका, कुठल्या प्रोसेसनं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामनं, धरलीय ते खाली येतं. मला स्वतःला मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज जास्त आवडतं, फुकट आहे, ते टाकलं की फाइलवर राइट क्लिक करून 'फाइल लॉकस्मिथ' निवडायचं, नाव आणि एंड टास्कचं बटण दोन्ही एकाच जागी.

कधीकधी मेसेजमधे 'ओपन इन सिस्टिम' असं येतं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वगैरे बघायला मिळतं, डिझायनरचा पीसी एक, ऑफिसचा दुसरा, मधे शेअर केलेलं फोल्डर, आणि जॅकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइनची फाइल ऑफिसातल्या कुणीतरी उघडी ठेवून जेवायला गेलेलं. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथं कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. कोण धरून बसलंय ते तिथं दिसतं, राइट क्लिक करून बंदही करता येतं, पण आधी त्या माणसाला एक फोन करा, त्याचं काम सेव्ह व्हायचं असेल.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर रिस्टार्ट. शटडाउन नाही, रिस्टार्टच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, ते चालू असेल तर शटडाउन करून चालू केलं तरी विंडोजचा आतला भाग पूर्ण नव्यानं सुरू होत नाही, रिस्टार्टला होतो.

'परमिशन पाहिजे' असा मेसेज बहुतेक जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला लावली की येतो, कारण त्या फाइलींचा मालक जुन्या विंडोजचा युजर असतो. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड. वर ओनरच्या पुढं चेंज, तिथं आपलं युजरनेम टाकून चेक नेम्स, आतल्या सगळ्यांचा ओनर बदलायची टिक करा आणि ओके. सगळं बंद करून परत सिक्युरिटीत जा आणि स्वतःला फुल कंट्रोल द्या. मेसेजमधे 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हे नाव असेल तर मात्र हात लावू नका, ती विंडोजची स्वतःची फाइल आहे.

नाव लांब झाल्याची भानगड फोटो स्टुडिओवाल्यांची. लग्नाचं फोल्डर, त्यात हळदी, त्यात अल्बम फायनल, त्यात अल्बम फायनल नवीन, असं आत आत जात राहतं, आणि ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा अख्खा पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की एक्सप्लोरर अडतो. मराठीत नावं दिली तर काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, 'सिद्धेश्वर' दिसायला चार अक्षरं पण मोजणीत १०. वरच्या फोल्डरांची नावं बदलून 'अ', 'ब' अशी करा, पत्ता आखूड झाला की फाइल जाते. नाहीतर सेव्हन-झिप या झिप फाइली उघडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइल मॅनेजरमधून शिफ्ट धरून डिलीट करा. नावाच्या शेवटी चुकून स्पेस किंवा टिंब राहिलेल्या आणि 'आयटम सापडत नाही' म्हणणाऱ्या फाइलींनाही हाच उपाय चालतो.

मेमरी कार्ड 'राइट प्रोटेक्टेड' म्हणत असेल तर आधी कार्डाच्या कडेची बारकी खिटी बघा, लॉककडं सरकलेली असते. पेन ड्राइव्हमधे चित्रविचित्र नावांच्या फाइली दिसतायत आणि जात नाहीत, म्हणजे कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा ड्राइव्ह तसाच उपटला आणि आतली यादी बिघडली. कामाचं जे उघडतंय ते दुसरीकडं कॉपी करा, मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधे टूल्स, तिथं चेक.

सी ड्राइव्ह भरला म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' हातानं उडवायचा खटाटोप बरेच जण करतात. ते जुनं विंडोज आहे, सेटिंग्जमधे सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, तिथं 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करून काढा. पण त्यानंतर जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही, त्यामुळं नवीन विंडोजवर तुमचा प्रिंटर आणि टॅली नीट चालतंय का ते आधी बघून घ्या.