घरच्यांसाठी वाढदिवसाची भेट कशी निवडावी?

वाढदिवसाच्या निदान महिनाभर आधीपासून त्या व्यक्तीच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. बारीक अक्षर वाचताना त्रास होतो ही वडिलांची सहज केलेली तक्रार किंवा जुना छंद सुटल्याची आईची खंत लगेच टिपून ठेवावी, कारण घरची माणसे आपली गरज स्वतःहून क्वचितच सांगतात. आईसाठी स्वयंपाकघरातील उपकरण घेण्यापूर्वी, ही भेट तिच्यासाठी आहे की घरासाठी, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

आजी-आजोबांसाठी जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या प्रती काढाव्यात आणि त्यांतील माणसांची नावे व साल त्यांनाच विचारून मागे लिहावे. त्या निमित्ताने होणाऱ्या गप्पा मला भेटीइतक्याच मोलाच्या वाटतात. कपडे घेताना माप आधी पाहावे आणि पावती जपून ठेवावी.