राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं कसं

मी नेटची कनेक्शनं जोडतो. गिऱ्हाइकांची एक तक्रार ठरलेली: "दादा, १९२.१६८.१.१ टाकलं तर गुगल भलतंच दाखवतंय." हा राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता, तो गुगलच्या चौकटीत शोधायचा नसतो. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचा, तोही इंग्रजी आकड्यांत. मराठी कीबोर्डवरचे आकडे तिथे चालत नाहीत. शिवाय सगळ्यांचा पत्ता तोच असेल असंही नाही. टीपी-लिंकचे बरेच राउटर १९२.१६८.०.१ वर उघडतात, जिओफायबरचे १९२.१६८.२९.१ वर.

म्हणून अंदाज मारू नका, फोनलाच विचारा. घरचं वायफाय जोडा, मोबाइल डेटा बंद ठेवा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये वायफायवर जाऊन जोडलेल्या नावावर किंवा शेजारच्या चाकावर दाबा. तिथे 'गेटवे'समोर जो आकडा दिसेल तोच तुमचा पत्ता. आयफोनवर त्याला 'राउटर' म्हटलेलं असतं.

घरात दोन डबे असतील तर जरा थांबा. फायबरची बारीक वायर ज्यात जाते तो ओएनटी, आणि तुम्ही वेगळा आणलेला राउटर. दोघांची पानं वेगळी, लॉगिन वेगळं. ज्याचं वायफाय बदलायचंय त्यालाच फोन जोडलेला हवा. निम्मा घोळ इथेच होतो.

पान उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं आलं तर दचकू नका. पत्ता गेटवेचाच आहे ना, एवढं बघा आणि पुढे जा. आता डबा उलटा करा. खालच्या स्टिकरवर युजरनेम-पासवर्ड बारीक अक्षरांत असतो. फोटो काढून मोठा करून वाचा. वायफायचा पासवर्ड इथे टाकून बघणारे खूप भेटतात, पण हा सहसा वेगळा असतो. काही नव्या राउटरवर तो छापलेलाच नसतो, पहिल्यांदा उघडताना आपणच ठरवायचा.

काहीच लागू पडलं नाही की लोक टाचणी घेऊन रीसेटच्या भोकाकडे वळतात. ओएनटीला तर हे करूच नका! वायफायच्या नावासोबत कंपनीने भरलेली कनेक्शनची माहितीही पुसली जाऊ शकते, आणि मग माणूस येईपर्यंत नेट बंद. त्यापेक्षा आधी कंपनीला फोन करून लॉगिन विचारून घ्या.

आत गेल्यावर 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन'मध्ये पासवर्ड बदला. सेव्ह केलं की तुमचाच फोन आधी तुटेल. नवा पासवर्ड टाकून जोडा, मग टीव्ही आणि कॅमेऱ्याकडे वळा.