अस्थिपेशींच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

घर, बँक खाते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक यांबाबत अमेरिकेतील प्रत्येक विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय सांगतेच. जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसावर आलेल्यांनी मुदत संपल्यावर मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट आपल्याला लागू आहे का, एवढे मात्र पहिल्याच आठवड्यात पाहून घ्यावे. ग्रीन कार्डाचा विचार सुरू झाल्यावर ही अट आठवणारे आपल्यात बरेच आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक मीडियमची, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्याची. हाड घडवणाऱ्या पेशींचा अभ्यास बहुधा एमसी३टी३-ई१ या उंदराच्या सेल लाइनवर (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींवर) होतो आणि ती वाढवताना एस्कॉर्बिक ॲसिड (क जीवनसत्त्व) नसलेले अल्फा-एमईएम हे मीडियम वापरावे लागते. नेहमीच्या अल्फा-एमईएममध्ये ते मुळातच असते. फ्रीजमध्ये दोन्ही बाटल्या शेजारी, रंग तोच गुलाबी, नावही जवळजवळ तेच. चुकीची बाटली घेतली तरी पेशी मरत नाहीत, उलट उत्तम दिसतात. पण त्यांचे विभेदन, म्हणजे पक्व हाडपेशींत रूपांतर, वेळेआधीच सुरू होते, कंट्रोलमध्येही (तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींतही) त्याची खूण असलेले अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढते आणि प्रयोगाला अर्थ उरत नाही. आमच्या एका हुशार विद्यार्थिनीचे पूर्ण सत्र असे वाया गेले. म्हणून पुन्हा सांगतो, बाटलीचा रंग पाहू नका. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक वाचा आणि तो वहीत लिहा.

हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्टचा प्रश्न वेळेचा असतो. अस्थिमज्जेतील पेशींना एम-सीएसएफ देऊन पुढे रँकएल घातले (दोन्ही पेशींना संकेत देणारी प्रथिने) की साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी तयार होतात आणि लगेच एक-दोन दिवसांत मरू लागतात. कॅलेंडर न पाहता प्रयोग मांडला तर त्या नेमक्या रविवारी पिकतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी इथली इमारत कशी ओस पडते हे तुम्हाला लवकरच कळेल. रँकएल महाग असते. आल्याबरोबर छोट्या कुप्यांत वाटून गोठवावे आणि एकदा वितळवलेले पुन्हा गोठवू नये.

आपली मंडळी विचारायला संकोचतात, समजले नसले तरी मान डोलावतात. इथले प्राध्यापक फसलेला प्रयोग सहज खपवून घेतात, पण दोन महिने दडवून ठेवलेला फसलेला प्रयोग नाही. त्यांना नावाने हाक मारायची मुभा असते, म्हणून अपेक्षा सैल असतात असे मात्र समजू नये.

प्रोटोकॉल अडला तर प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या माजी सदस्यांना जरूर लिहावे. त्यांतील बरेच जण कंपन्यांत असले तरी उत्तर देतात. पत्रात ‘पेशी वाढत नाहीत’ असे मोघम न लिहिता सीरमचा (मीडियममध्ये घालायच्या रक्तद्रवाचा) लॉट क्रमांक, पॅसेज (पेशी कितव्यांदा नव्या बशीत वाटल्या) आणि दिवस कळवावा. ऑस्टिओक्लास्ट सीरमच्या बाबतीत फार चोखंदळ असतात, त्यामुळे जुन्या लॉटच्या एक-दोन बाटल्या राखून ठेवाव्यात आणि नवा लॉट त्यांच्या शेजारी तपासल्याशिवाय मोठी खरेदी करू नये.